लॅबमध्ये रुजू होण्याआधी

पुणे,
१४ जून २०२०

प्रिय मित्रा,

कोरोनाच्या स्वॅब तपासणीच्या लॅबमध्ये तू रुजू होतोयस हे वाचून आनंद झाला आणि पोटात गोळाही आला. म्हणून आजचा रविवार या पत्राला दिला.

‘पीपीई किट असतं ना, मग कसली भीती?’ असं काकू म्हणाल्याचं तू लिहिलंस. अरे, किट चढवताना सगळेच जपतात. घात होतो तो उतरवताना. सहा तासांनी गॉगलवर वाफ धरलेली, मास्क नाकावर काचतोय, घशाला कोरड. कधी एकदा पाणी पितो असं होतं आणि नेमका तेव्हाच हात तोंडाकडे जातो. आमच्याकडे समोर एकजण उभा राहून एकेक पायरी मोठ्याने सांगतो. एन-९५ सगळ्यात शेवटी, खोलीबाहेर आल्यावरच. तुमच्याकडे अशी पद्धत नसेल तर तू सुरू कर.

बायोसेफ्टी कॅबिनेटच्या, म्हणजे ज्या बंदिस्त कपाटात हात घालून आपण नमुने हाताळतो त्याच्या, पुढच्या जाळीवर वही, टिप्सचा डबा, काहीही ठेवू नकोस. तिथून आत ओढली जाणारी हवा हाच तुझ्या आणि नमुन्याच्या मधला पडदा. हात सरळ आत घाल, मिनिटभर थांब, मग कामाला लाग.

मागच्या महिन्यात एका ट्यूबचं झाकण नीट लागलेलं नव्हतं. पिशवीत व्हीटीएमचं, म्हणजे स्वॅब ज्यात बुडवून पाठवतात त्या द्रवाचं, गुलाबी पाणी साचलेलं दिसलं आणि माझे हात गारठले. पिशवी कॅबिनेटमध्येच उघडली, तेवढ्यात थोडं खाली सांडलं. त्यावर टिश्यू अंथरले, कडेकडून मध्याकडे एक टक्का हायपो, म्हणजे ब्लीचचं द्रावण, ओतलं आणि घड्याळ लावून अर्धा तास थांबलो. बाहेर रिपोर्टसाठी फोन खणखणत होते, तरी थांबलो. मात्र लायसिस बफरच्या, म्हणजे विषाणू फोडायला वापरतो त्या द्रावणाच्या, कचऱ्यात हायपो चुकूनही ओतू नकोस. त्यातल्या ग्वानिडिनशी ते मिसळलं की विषारी वायू सुटतो.

२००३च्या जुलैत सार्सची, म्हणजे कोरोनाच्याच कुळातल्या विषाणूच्या आजाराची, साथ आटोक्यात आली, आणि त्याच वर्षी सिंगापूर नि तैपेईत, पुढच्या वर्षी बीजिंगमध्ये तो प्रयोगशाळांतून माणसांना झाला. तैपेईची लॅब तर सर्वांत कडक, चौथ्या पातळीची होती. तिथला संशोधक सांडलेला कचरा साफ करत होता. टिश्यू हातात घेतला की मला तो आठवतो.

पहिल्याच दिवशी कॅबिनेटवरच्या स्टिकरवर शेवटच्या तपासणीची तारीख बघ. वर्ष उलटून गेलं असेल तर पहिला रन लावण्याआधी साहेबांशी बोल, भीड धरू नकोस. आणि काय म्हणाले ते रात्री फोन करून सांग, मी जागा असेन.

काका-काकूंना नमस्कार.

तुझा मित्र