१७ सत्रं झालीच नाहीत, त्यांचे पैसे कार्डावर परत करा

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : स्पीच थेरपीची उरलेली सत्रं न दिल्याबद्दल तक्रार आणि परताव्याची मागणी

महोदय,

पक्षाघातानंतर माझ्या वडिलांची वाचा गेली. शब्द कळतात, पण ओठांवर येत नाहीत. त्यांच्यासाठी मी तुमच्याकडून २४ ऑनलाइन सत्रांचं पॅकेज घेतलं आणि सगळी रक्कम क्रेडिट कार्डाने एकरकमी भरली. पहिली ७ सत्रं उत्तम झाली. थेरपिस्ट बाई पेला समोर धरायच्या, 'पा' म्हणून थांबायच्या आणि बाबांची वाट बघायच्या. सातव्या सत्राच्या रात्री बाबांनी मला हाक मारून पाणी मागितलं. खूण न करता, शब्दाने.

आठव्या सत्राला कोणीच आलं नाही. बाबा पाचच्या आधीच केस विंचरून, इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. स्क्रीनवर नुसतं चक्र फिरत राहिलं. पुढच्या तिन्ही वेळांना तेच झालं. मग तुमचा मेल आला : थेरपिस्ट सोडून गेल्या, त्याऐवजी रेकॉर्ड केलेले व्हिडिओ खुले केले आहेत, पॅकेज पूर्ण समजावं. व्हिडिओला बाबा कुठल्या अक्षरावर अडले ते कसं कळणार? मी पैसे भरले ते समोर बसून ऐकणाऱ्या माणसासाठी.

परतावा मागितला तर 'भरलेली रक्कम परत मिळणार नाही' ही अट दाखवण्यात आली. न दिलेल्या सेवेला ही अट लावता येते, हे मला मान्य नाही. व्हिसा या कार्ड कंपनीच्या नियमांत 'माल किंवा सेवा मिळाली नाही' हे तक्रारीचं वेगळं कारणच आहे, क्रमांक १३.१. मास्टरकार्डकडे अशा तक्रारी ४८५३ खाली जातात. कार्डाने पैसे घेताना तुम्हीही या नियमांना बांधले जाता.

तुमचे प्रतिनिधी म्हणाले, 'पैसे भरून पाच महिने झाले, आता बँकही काही करणार नाही.' हे चुकीचं आहे. बँकेकडे तक्रार करायला १२० दिवसांची मुदत असते हे खरं, पण पुढे मिळायच्या सेवेसाठी ती सेवा मिळायची होती त्या दिवसापासून, किंवा ती मिळणार नाही हे ग्राहकाला कळलं तेव्हापासून धरतात. व्यवहाराला मात्र ५४० दिवसांहून जास्त झालेले नसावेत. 'आपल्या व्यवहारात बँकेचा संबंध काय?' असंही मला विचारलं गेलं. ब्रिटनच्या १९७४ च्या ग्राहक कर्ज कायद्यातलं (कन्झ्युमर क्रेडिट अ‍ॅक्ट) कलम ७५ तर ठरावीक रकमेच्या मर्यादेत विक्रेत्याबरोबर कार्ड देणाऱ्या बँकेलाही जबाबदार धरतं. तो कायदा इथे लावा असं माझं म्हणणं नाही, पण बँकेचा संबंध नसतो असं पुन्हा कुठल्या ग्राहकाला सांगू नका.

माझ्या दोन मेलना उत्तर आलं नाही, तेव्हा ते जोडून मी बँकेत चार्जबॅकची, म्हणजे कार्डाने भरलेले पैसे बँकेमार्फत परत मिळवण्याची, तक्रार नोंदवली. त्यानंतर लगेच फोन सुरू झाले. 'आधी बँकेतली तक्रार मागे घ्या, मग दोन दिवसांत पैसे टाकतो.' मागे घेतलेली तक्रार त्याच व्यवहारासाठी पुन्हा उघडणं किती अवघड असतं, हे तुम्हाला ठाऊक नाही असं मला वाटत नाही. दुसऱ्या फोनवर परताव्यासाठी ओटीपी मागितला. त्याच कार्डावर परतावा द्यायला ग्राहकाचा ओटीपी लागत नाही. तो फोन तुमच्याच माणसाने केला असेल तर त्याला थांबवा. केला नसेल, तर माझा नंबर आणि परताव्याची माहिती बाहेर कशी गेली ते शोधा. दोन्हींपैकी काहीही असलं तरी मला लेखी कळवा.

माझी मागणी एवढीच आहे : भरलेल्या रकमेच्या २४ पैकी १७ भागांइतके पैसे त्याच कार्डावर, १५ दिवसांत. तुमचे पॉइंट किंवा कूपन नको. झालेल्या ७ सत्रांचे पैसे मी मागत नाही. बाईंनी मनापासून शिकवलं, त्यांचं मानधन त्यांना मिळालं असेल अशी आशा आहे. तुम्ही परस्पर परतावा दिलात तर त्याचा संदर्भ क्रमांक पाठवा, मी स्वतः बँकेला कळवेन. एकाच गोष्टीचे दोनदा पैसे मला नकोत.

पावती, सत्रांचं वेळापत्रक, रिकाम्या स्क्रीनचे फोटो आणि तुमचा मेल सोबत जोडले आहेत.

आणखी एक काम आजच करा. 'तुमचं सत्र पाच मिनिटांत सुरू होत आहे' ही सूचना बाबांच्या मोबाइलवर अजून येते. ती बंद करा. ती वाजली की ते शर्ट बदलायला उठतात.

आपली ग्राहक