जुने मेसेज म्हणजे संमती नव्हे

महोदय,

प्रेमसंबंध तुटल्यावर सहकाऱ्याविरुद्ध लैंगिक छळाची तक्रार झाली की कार्यालयातील अंतर्गत समितीपुढे (अशा तक्रारींची चौकशी करणाऱ्या समितीपुढे) सर्वांत आधी जुने प्रेमळ मेसेज येतात. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्यात मात्र कसोटी 'नकोशा' वर्तनाची आहे. त्यामुळे 'आता संपर्क नको' असे कधी सांगितले, ती तारीख आधी शोधावी आणि त्यानंतरचे फोन, मेसेज, बदली, रजा नाकारणे, मूल्यांकनातली घसरण क्रमाने मांडावी. कोणत्याही बाजूने केलेला सूडाचा आरोपही याच क्रमावर तपासता येतो.

खरी गफलत स्क्रीनशॉटमध्ये होते. चार ओळी कापून दिल्या की मागचापुढचा संदर्भ जातो, म्हणून दोघांकडूनही संपूर्ण संवाद मागवावा. मूळ फोन विकू वा रीसेट करू नये. न्यायालयात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३चे प्रमाणपत्र आणि हॅश मूल्य (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा डिजिटल ठसा) लागते.

तक्रारीची मुदत शेवटच्या घटनेपासून ३ महिने. सबळ कारण नोंदवून समिती ती आणखी ३ महिने वाढवू शकते. नुसता पुरावा अपुरा पडला म्हणून २०१३च्याच कायद्याच्या कलम १४खाली तक्रारदार महिलेवर कारवाई करता येत नाही. त्यासाठी दुष्ट हेतू विहित पद्धतीच्या चौकशीत सिद्ध व्हावा लागतो.

– एक वकील, ठाणे