रविवारी सकाळी दोन तास मैदान हवं

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळी शिबिरांची तुमची यादी वाचली. पोहणं, चित्रकला, रोबोटिक्स असं सगळं आहे, पण रिमोटवर उडणाऱ्या मॉडेल विमानांचं शिबिर कुठेच नाही. असणार तरी कसं? आमच्यासारख्या तालुक्याच्या गावात हे शिकायला उभं राहण्यापुरती जागा मिळत नाही. म्हणून हे पत्र.

मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. चार वर्षांपूर्वी लेकाच्या हट्टापायी लढाऊ विमानासारखं दिसणारं तयार मॉडेल मागवलं. साडेआठ हजार रुपये मोजले. ज्वारी काढलेल्या रानात ते हातातून सोडलं, डावीकडे कललं आणि काही कळायच्या आत नाकावर आदळलं. धसकटांतून तुकडे वेचताना लेक एक शब्द बोलला नाही. विमानात खोट नव्हती. इतकं वेगवान विमान शिकाऊ हातात द्यायचं नसतं, हे सांगणारं आम्हाला कुणी भेटलं नव्हतं.

ते नंतर भेटलं. एनसीसीच्या एअर विंगमध्ये एरोमॉडेलिंग शिकलेला माझाच एक माजी विद्यार्थी सुटीत गावी आला होता. त्यानं आधी महिनाभर संगणकावर सिम्युलेटर, म्हणजे लुटुपुटूचं उड्डाण, करायला लावलं, तेही खरा ट्रान्समीटर, म्हणजे हातातला रिमोट, केबलनं जोडून. मग फोमशीट, ग्लू गन आणि सायकलचे स्पोक घेऊन आम्ही घरीच ट्रेनर, म्हणजे शिकाऊंसाठीचं संथ विमान, बांधलं. पंख धडाच्या वर आणि टोकांकडे किंचित उचललेले. असं विमान रिमोटवरची स्टिक सोडली की बरंचसं आपणहून सरळ होतं. पंखाची रुंदी वीस सेंटिमीटर होती. पुढच्या कडेपासून पाच-सहा सेंटिमीटरवर पंखाखाली दोन बोटं धरून त्यानं ते तोललं. शेपूट खाली जात होती, तर बॅटरी जरा पुढे सरकवली. वर्गात मी गुरुत्वमध्य किती वर्षं शिकवला, पण मुलांच्या डोळ्यांत तो असा उतरलेला त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

सगळ्यात अवघड जातं ते विमान आपल्याकडे तोंड करून येतं तेव्हा. डावं-उजवं उलटं दिसतं आणि हात चुकतो. त्यावर त्यानं सांगितलेली युक्ती अशी, की जो पंख खाली झुकलेला दिसतो, त्याच बाजूला स्टिक न्यायची. लेकाला हे अंगवळणी पडायला सहा रविवार लागले.

धोक्याचंही सांगायला हवं. फिरतं प्रॉपेलर बोट कापतं. विमानातली लिथियम पॉलिमर बॅटरी तिचे सगळे सेल सारखे भरणाऱ्या बॅलन्स चार्जरवरच, फरशीवर ठेवून, डोळ्यांसमोर चार्ज करायची. फुगलेली परत वापरायची नाही. रिमोटचा संपर्क तुटला तर मोटर थांबते का, हे आधी प्रॉपेलर काढून, मोटर चालू ठेवून, ट्रान्समीटर बंद करून बघायचं. मोटर थांबली नाही, तर त्या दिवशी उड्डाण नाही. माणसांच्या डोक्यावरून विमान न्यायचं नाही, हे तर पहिल्याच दिवशी सांगायचं.

एवढं सगळं पाळूनही गेल्या महिन्यात एका संस्थेच्या रिकाम्या मैदानावरून 'ड्रोनला बंदी आहे' म्हणत आम्हाला बाहेर काढलं. माझ्यासोबत नववीची सहा मुलं होती, त्यांत दोन मुली. सरसकट बंदी नाही. २०२१ च्या ड्रोन नियमांत शिक्षण, संशोधन किंवा मनोरंजनासाठी, नजरेच्या टप्प्यात उडवायच्या २५ किलोपर्यंतच्या मॉडेलची वेगळी व्याख्याच दिली आहे. सरकारी नकाशावर हिरव्या दाखवलेल्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत उड्डाणाला परवानगी घ्यावी लागत नाही. हा नकाशा डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावर कुणालाही बघता येतो. आम्ही तर शंभर फुटांच्या वरही जात नाही.

गावातल्या शाळा-महाविद्यालयांच्या चालकांना माझी विनंती आहे, की रविवारी सकाळी साडेसहा ते साडेआठ, वारा सुटायच्या आत, एक मैदान आम्हाला द्या. मुलांच्या पालकांची लेखी संमती मी आणून देईन. फाटकाची किल्ली शनिवारी संध्याकाळी स्वतः येऊन नेईन आणि रविवारी नऊच्या आत परत करीन.

आपली,
एक विज्ञानशिक्षिका
बार्शी, जि. सोलापूर