गाडी चालत गॅरेजला गेली होती, मग स्टार्ट का होत नाही?

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत गाडी स्टार्ट होत नसेल तर काय करायचं अशी चौकट छापली होती. बॅटरी बघा, जंपर लावा, नाहीतर टोइंगवाल्याला फोन करा, संपलं. रात्रभर लाईट चालू राहिली असेल तर ठीक आहे हो, पण आमच्या उद्यमनगरात दोरी बांधून येणाऱ्या गाड्यांत बऱ्याच अशा असतात की सकाळी स्वतः चालत सर्व्हिसिंगला गेली, प्लग बदलले, थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा सोडणारी झडप) साफ केली, फार तर टायमिंग बेल्ट (पिस्टन आणि व्हॉल्व्हचा मेळ ठेवणारा पट्टा) टाकला आणि संध्याकाळी चावी फिरवली तर नुसती सेल्फ मारतेय, पकडतच नाही. ही केसच वेगळी आहे आणि तिथे तुमची चौकट वाचून माणूस नवी बॅटरी घेऊन येणार, ती बसवणार आणि गाडी तिथेच.

माझं म्हणणं एवढंच की सकाळी चालत गेलेल्या गाडीचा ईसीएम, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, त्याच दुपारी आपणहून मरत नाही. मरूच शकत नाही असं नाही, वेल्डिंग केलं, बॅटरी उलटी लावली तर जातो, पण प्लग बदलताना नाही. म्हणून आधी विचारायचं की कशाकशाला हात लावला आणि तिथूनच सुरू करायचं. हे आमच्याकडे शिकाऊ पोरालाही पहिल्या आठवड्यात सांगतात. पण बऱ्याच ठिकाणी आता उलटंच चाललंय, हा पार्ट टाकून बघू, नाही झालं तर तो टाकून बघू, आणि बिल गिऱ्हाईकाच्या माथी.

आमच्या शेजाऱ्यांची गाडी अशीच अडकली होती, चार सिलेंडर, पेट्रोल, बेल्टचं काम झालेलं. गॅरेजने ईसीएम गेला म्हणून पाच आकडी रक्कम सांगितली. मी जाऊन फक्त डॅशबोर्ड बघितला. चावी ऑन केली, चेक इंजिनचा दिवा लागला, म्हणजे ईसीएमला करंट आहे. मागच्या सीटखालून पंपाचा दोन सेकंद गुं असा आवाज आला, म्हणजे पंप जिवंत. मग सेल्फ मारायला लावला आणि आरपीएमचा काटा बघत बसलो, काटा जागचा हललाच नाही. बऱ्याच गाड्यांत सेल्फ मारताना तो थोडा तरी उडतो, अजिबात नाही हलला तर क्रँक (इंजिनचा मुख्य फिरता दांडा) सेन्सरवर पहिला संशय घ्यायचा कारण इंजिन फिरतंय हेच ईसीएमला कळत नाही, मग तो ना स्पार्क देणार ना पेट्रोल. बेल्टचं काम करताना ह्या सेन्सरची वायर वाटेत येते म्हणून काढतात. खाली वाकून कनेक्टरला बोट लावलं तर तो दिसायला बसलेला होता पण लॉक टक करून लागलं नव्हतं, अलगद हातात आला. दाबून बसवला, गाडी पहिल्या सेल्फला चालू. शेजारीण वहिनी म्हणाल्या, एवढंच होतं भाऊ? एवढंच होतं.

बरं स्कॅनर लावला असता तरी कळलं असतं. २०१३ पासूनच्या गाड्यांत स्टेअरिंगखाली ओबीडीचं, म्हणजे गाडीतले बिघाडाचे कोड वाचायचं, सॉकेट असतं, मोबाईलला जोडायचं छोटं रीडर स्वस्तात मिळतं, पी०३३५ असा कोड आला की बोट क्रँक सेन्सरकडे. फक्त कोड आला म्हणजे सेन्सरच खराब असा अर्थ नाही, तो सर्किट म्हणतो, म्हणजे वायर आणि कनेक्टरपण त्यातच आले. कोड वाचून लगेच नवा सेन्सर मागवणारेही बघितलेत मी.

आता नुसता कट्ट आवाज येतो आणि इंजिन फिरतच नाही, तिथे गोष्ट वेगळी. बॅटरीचे टर्मिनल नीट आवळलेत का आणि बॉडीपासून इंजिनकडे येणारी अर्थिंगची पट्टी परत लावलीय का बघा, गिअरबॉक्सचं काम झालं असेल तर हमखास हीच विसरतात. हेडलाईट झक्क पेटते म्हणून बॅटरी चांगली असं लोक म्हणतात पण हेडलाईटला लागतो तो करंट आणि स्टार्टरला लागतो तो ह्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. मीटर असेल तर उभ्या गाडीला १२.६ च्या आसपास व्होल्ट हवेत.

जुन्या डिस्ट्रिब्युटरवाल्या (प्लगना पाळीपाळीने करंट वाटणारा) गाड्यांत प्लग बदलल्यावर खोकते, मागे फटाका मारते आणि चालू होत नाही, तर प्लगच्या वायरी अदलाबदल झाल्यात, बहुतेक चार सिलेंडरला फायरिंग ऑर्डर, म्हणजे स्पार्कची पाळी, १-३-४-२ असते, त्याप्रमाणे लावा.

खूप वेळ सेल्फ मारून प्लग भिजलेत, पेट्रोलचा वास येतोय, तर बहुतेक एमपीएफआय (इंजेक्टरने पेट्रोल सोडणाऱ्या) गाड्यांत अॅक्सिलरेटर पूर्ण खाली दाबून सेल्फ मारला की इंजेक्टर बंद राहतात आणि सिलेंडर सुकतो. एका वेळी दहा सेकंदांच्या वर मारू नका, मध्ये स्टार्टर गार होऊ द्या. आणि धक्का देऊन स्टार्ट करायचा नाद सोडा, न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या, धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो तापतो, नवा केवढ्याला पडतो ते विचारून बघा.

एका ठिकाणी मात्र सेल्फ मारणं लगेच थांबवायचं. बेल्ट टाकल्यावर इंजिन नेहमीपेक्षा हलकं आणि भरभर फिरतंय असा आवाज आला, कॉम्प्रेशनचा जोरच लागत नाहीये, तर टायमिंग चुकलंय असं समजा. दात सरकलेला असेल तर बऱ्याच इंजिनात पिस्टन व्हॉल्व्हला जाऊन आदळतो, हजाराचं काम हेड उतरवण्यावर जातं. कव्हर काढा, टायमिंगच्या खुणा जुळवा, पान्याने हाताने क्रँक दोन पूर्ण फेरे फिरवा आणि परत खुणा बघा, जुळल्या तरच चावी. हे पाच मिनिटांचं काम आहे आणि गर्दीच्या दिवशी नेमकं हेच गाळतात.

डिझेलवाल्यांचं दुखणं बहुतेक वेळा हवेचं असतं. फिल्टर बदलला की लाईनमध्ये हवा शिरते, फिल्टरजवळचा हँड पंप कडक लागेपर्यंत दाबायचा आणि मग सेल्फ. जुन्या जीपला आमचे लोक इंजेक्टरच्या पाइपचा नट ढिला करून हवा काढायचे, तीच सवय कॉमन रेलवर (नव्या डिझेल गाड्यांतली सगळ्या इंजेक्टरना जास्त दाबाने डिझेल पुरवणारी नळी) कुणी चालवत असेल तर कृपया त्याचा हात धरा, त्या लाईनमध्ये हजार बारच्या वर प्रेशर असतं आणि डिझेलची बारीक धार कातडी भेदून आत जाते, दिसायला टाचणीएवढी जखम पण केस हॉस्पिटलची. हे तुमच्या पुरवणीत ठळक टाइपात छापा, मायलेजच्या कौतुकातली दोन वाक्यं कमी करून.

आणि वाचकांनी एक करावं, गाडी देताना जॉब कार्डवर काय काय उघडणार ते लिहून घ्यावं, जुने पार्ट परत मागावेत, बॉनेट उघडून मोबाईलवर दोन फोटो काढून ठेवावेत. चालती गाडी दिली आणि बंद परत मिळतेय तर ती चालू करून देणं ही गॅरेजची जबाबदारी, त्याचे वेगळे पैसे द्यायचे नाहीत. ऐकत नसतील तर ग्राहक हेल्पलाईन १९१५, फोन करायला काही पैसे पडत नाहीत.

आपला,
एक वाचक, उद्यमनगर, कोल्हापूर