ट्यूबलाईटसमोर धरलेला सीटी स्कॅन

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी पंढरपूरचा, 34 वर्षं एक्स-रे टेक्निशियन म्हणून नोकरी केली आणि आता घरी बसून पेपर वाचतो. तुमच्या पेपरात दर रविवारी नवीन सीटी मशीन आलं, नवीन एमआरआय आलं, इतक्या स्लाईसचं, तितक्या टेस्लाचं अशा पानभर जाहिराती असतात, चांगली गोष्ट आहे, आमच्या वेळी एका सीटीसाठी माणूस सोलापूर नाहीतर पुणं गाठायचा. पण त्या मशीनमधून निघालेला फोटो पुढं कुठं जातो, कोण जपतो आणि पेशंटच्या हातात नक्की काय पडतं हे एकाही जाहिरातीत नसतं, म्हणून हे पत्र.

आमचे दाजी माळशिरस तालुक्यात राहतात. मागच्या वर्षी पोटात दुखायला लागलं, कळ पाठीत जायची, दोन महिन्यांत पॅन्ट ढिली झाली. जवळच्या एका सेंटरवर पोटाचा सीटी केला, रिपोर्ट आला की स्वादुपिंडाच्या डोक्यापाशी गाठीचा संशय. अक्कानं फोनवरच रडायला सुरुवात केली. भाचा हुशार, त्यानं लगेच फिल्म घरातल्या ट्यूबलाईटसमोर धरली, मोबाईलनं फोटो काढले आणि ओळखीतून मिळालेल्या पुण्याच्या डॉक्टरांना व्हॉट्सअॅप केले. मलाही पाठवले. मी बघितले तर मध्यभागी ट्यूबची पांढरी पट्टी, कडेला भाच्याचा अंगठा आणि खालच्या रांगेत भिंतीवरच्या कॅलेंडरची सावली. डॉक्टर भले माणूस, त्यांनी चिडचिड न करता फोन केला आणि म्हणाले, काका, यात मला तुमची ट्यूबलाईट दिसतेय, स्वादुपिंड नाही, सीडी घेऊन या.

सीडी होती. पाकिटात, फिल्मच्या मागं. ती घेऊन आम्ही पहाटेच्या एसटीनं पुण्याला गेलो, ओपीडीत नंबर लागला, डॉक्टरांनी सीडी हातात घेतली आणि इकडंतिकडं बघायला लागले, कारण त्यांच्या कॉम्प्युटरला सीडी ड्राईव्हच नव्हता. आता कुणाच्या कॉम्प्युटरला असतो? रिसेप्शनच्या जुन्या मशीनला होता, तिथं लावली तर अँटीव्हायरसनं अडवली. आयटीवाला जेवायला गेलेला. बाहेर तीस-चाळीस पेशंट उभे. शेवटी डॉक्टर म्हणाले, पुन्हा करून घेऊ, आमच्याकडंच होईल, मला स्क्रीनवर लगेच दिसेल. पुन्हा उपाशी पोट, पुन्हा किडनीची क्रिएटिनिन तपासणी, पुन्हा हातात सुई आणि फोटोत अवयव उठून दिसावेत म्हणून कॉन्ट्रास्टचं औषध, पुन्हा सात हजार. दाजी एक शब्द बोलले नाहीत, फक्त विचारलं की आधीचा खराब आला होता का.

नव्हता आला. घरी आल्यावर मी ती सीडी आमच्या चौकातल्या फोटो स्टुडिओवाल्याकडं नेली, त्याच्याकडं लग्नाच्या डीव्हीडी करायला ड्राईव्ह आहे अजून. चार मिनिटांत उघडली. 412 इमेजेस, एकही खराब नाही, सगळा मिळून 200 एमबीच्या आसपास डेटा. एवढ्यासाठी दाजी दुसऱ्यांदा मशीनमध्ये झोपले. पोटाच्या एका सीटीत माणसाला निसर्गातून साधारण अडीच-तीन वर्षांत मिळेल एवढं रेडिएशन मिळतं, कॉन्ट्रास्टच्या आधी आणि नंतर असा दोनदा घेतला तर त्याच्या दुप्पट. गरज असेल तर घ्यावंच, त्याला घाबरायचं काही नाही, मी आयुष्यभर हेच काम केलंय. पण ड्राईव्ह नाही म्हणून?

आता लोक म्हणतील फिल्म तर दिली होती ना. इथंच सगळ्यांची गल्लत होते, शिकलेल्या लोकांचीसुद्धा. आमच्या जमान्यात फिल्म म्हणजेच एक्स-रे होता. डार्करूममध्ये लाल दिव्याखाली डेव्हलपर, पाणी, मग हायपो, बोटांना तो वास दिवसभर यायचा, आणि जी प्लेट निघाली तीच ओरिजनल, तिची दुसरी प्रत नाही. सीटीचं तसं नाही. सीटीत ओरिजनल म्हणजे आकडे. पाणी म्हणजे 0, हवा म्हणजे उणे 1000, चरबी साधारण उणे 100, हाड शेकड्यांत वर. प्रत्येक ठिपक्याला असा एक आकडा असतो आणि डॉक्टर स्क्रीनवर माऊस ओढून त्यातला पाहिजे तो भाग उजळ करतात, त्याला विंडो म्हणतात, फुफ्फुसाची वेगळी, हाडाची वेगळी, लिव्हरची वेगळी. गाठीवर गोल काढला की आतलं सरासरी किती ते आकड्यात कळतं, पाणी भरलंय की मांस आहे याचा अंदाज येतो. फिल्मवर यातलं काही राहत नाही, 412 मधली साठेक चित्रं निवडून एकाच विंडोत छापलेली असतात, आणि निवडणारा माझ्यासारखाच कुणीतरी टेक्निशियन, ज्याला बाहेर अजून सहा पेशंट दिसतायत. त्या छापील चित्राचा मोबाईल फोटो, तो परत व्हॉट्सअॅप दाबून बारीक करणार. म्हणजे शेतातला ऊस दाखवायचा तर त्याच्या फोटोच्या झेरॉक्सचा फोटो दाखवल्यासारखं.

हे आकडे एका ठरलेल्या पद्धतीच्या फाईलमध्ये असतात, तिला डायकॉम म्हणतात. कुठल्याही कंपनीचं मशीन असू दे, फाईल कुठंही उघडली पाहिजे, यासाठी अमेरिकेतल्या रेडिओलॉजिस्टांच्या आणि मशीन बनवणाऱ्यांच्या संघटना 1983 मध्ये एकत्र बसल्या, 1985 ला पहिला नियम आला आणि डायकॉम या नावानं 1993 ला. म्हणजे तीस वर्षं होऊन गेली. आपल्या केंद्र सरकारनं इलेक्ट्रॉनिक हेल्थ रेकॉर्डचे जे स्टँडर्ड 2016 मध्ये काढले त्यातसुद्धा फोटोसाठी डायकॉमच आहे. आणि या फाईली साठवून हॉस्पिटलभर दाखवणारी जी सिस्टीम असते ती पॅक्स, मोठ्या हॉस्पिटलात आता सगळीकडं आहे, इंग्लंडमध्ये तर 2007 संपेपर्यंत सगळ्या सरकारी हॉस्पिटलांत बसवून झाली होती. आपल्याकडं अडचण अशी की प्रत्येकाचं पॅक्स म्हणजे ज्याची त्याची विहीर. आत पाणी भरपूर, पण शेजारच्याला कळशीभर द्यायचं तर सीडीवरून.

खर्चाचं कारण मला पटत नाही. रोज 20 सीटी करणारं सेंटर धरा, एकाचे 300 एमबी धरले तरी दिवसाला 6 जीबी, वर्षाला दोन टीबीच्या आसपास. दोन ठिकाणी कॉपी ठेवली तरी हार्डडिस्कचा खर्च मशीनमधल्या एका एक्स-रे ट्यूबच्या किमतीपुढं काहीच नाही. सॉफ्टवेअर महाग म्हणाल तर बेल्जियममधल्या लिएजच्या युनिव्हर्सिटी हॉस्पिटलात तयार झालेलं ऑर्थांक नावाचं फुकट सॉफ्टवेअर 2012 पासून आहे, साध्या कॉम्प्युटरवर चालतं. मी स्वतः रिटायर झाल्यावर भाच्याच्या मदतीनं घरी टाकून बघितलं, दाजींचा स्कॅन त्यातच ठेवलाय.

मग लिंक पाठवत का नाहीत? काही सेंटर पाठवतात, पेशंटच्या मोबाईलवर मेसेज येतो, दाबलं की सगळे फोटो, त्यांचं कौतुक. पण काहींची लिंक महिन्याभरात मरते, काहींच्या लिंकवर नुसता रिपोर्टचा पीडीएफ आणि चार जेपीजी. जुना स्कॅन जपून का ठेवायचा हे पेशंटला कुणी सांगतही नाही. फुफ्फुसात एक छोटा टणक ठिपका दिसला आणि दोन वर्षांपूर्वीच्या स्कॅनमध्ये तो तेवढाच होता असं कळलं तर बहुतेक वेळा जीव भांड्यात पडतो. जुना नसेल तर तीन महिन्यांनी परत या, मग सहा महिन्यांनी परत या, आणि तोवर घरात कुणाला झोप नाही.

दुसरी एक भानगड नावाची. डायकॉमच्या फाईलमध्ये पेशंटचं नाव, जन्मतारीख, नंबर सगळं आत लिहिलेलं असतं, आणि ते टाईप करतो आपण. एका सेंटरला सुमन, दुसऱ्याला सुमनबाई, तिसऱ्याला आडनाव आधी, स्पेलिंग ज्याच्या मनाला येईल तसं. जन्मतारखेवरून जुळवू म्हणाल तर आमच्या पिढीतली अर्धी माणसं 1 जूनला जन्मलेली आहेत, गुरुजींच्या कृपेनं. मी स्वतः 1 जूनचाच. त्यामुळं तो सरकारी हेल्थ आयडीचा 14 आकडी आभा नंबर, ज्याला मीसुद्धा आधी नावं ठेवायचो, तो इथं खरोखर कामाचा आहे, केस पेपर काढताना तो मागून मशीनवर टाकला तर वेगवेगळ्या गावचे स्कॅन एका माणसाच्या नावाखाली लागू शकतील. सध्या बऱ्याच ठिकाणी तो ओपीडीच्या रांगेत क्यूआर स्कॅन करण्यापुरताच दिसतो.

आणि घाईघाईत सगळं इंटरनेटवर टाका असंही माझं म्हणणं नाही. 2020 च्या सुरुवातीला ग्रीनबोन नावाच्या जर्मन सायबर सिक्युरिटी कंपनीचा रिपोर्ट आला होता, भारतातल्या पेशंटच्या 12 कोटींवर इमेजेस नावागावासकट इंटरनेटवर उघड्या पडल्या होत्या आणि त्यात पहिला नंबर आपल्या महाराष्ट्राचा. कुणी तिजोरी फोडली नव्हती, दार उघडंच होतं. ही पॅक्सची सिस्टीम मुळात हॉस्पिटलच्या चार भिंतींच्या आत चालावी म्हणून बनलेली, साध्या सेटिंगमध्ये एक मशीन दुसऱ्याला फार तर नाव विचारतं, पासवर्ड विचारतच नाही. तीच पेटी कुणीतरी डॉक्टरांना घरून रिपोर्टिंग करता यावं म्हणून सरळ इंटरनेटला जोडतो, आणि झालं. मी काम करायचो तिथं पासवर्ड होता, पण तो मॉनिटरच्या कडेला चिकटपट्टीनं चिकटवलेला असायचा, आणि तो चिकटवणारा मीच होतो, हे कबूल करायला हवं. नोव्हेंबर 2022 मध्ये दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर रॅन्समवेअरनं, म्हणजे डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसनं, बंद पडले तेव्हा तिथं कित्येक दिवस कागदावर काम चाललं. एम्सची ही गत, तर आमच्या तालुक्याच्या सेंटरचं काय घ्या.

तरीपण भीती दाखवून पेशंटलाच त्याचा स्कॅन न देणं हा त्यावरचा इलाज होत नाही. मेडिकल कौन्सिलचे 2002 चे नियम आहेत, पेशंटनं मागितल्यावर 72 तासांत रेकॉर्ड द्यायचं, अॅडमिट पेशंटचं तीन वर्षं जपायचं, आणि रेकॉर्ड लवकर सापडावं म्हणून कॉम्प्युटरवर ठेवायचा प्रयत्न करायचा, हेसुद्धा त्यातच लिहिलंय. माझं मागणं एवढंच आहे की त्या रेकॉर्डमध्ये पूर्ण डायकॉम धरावा, फिल्म नव्हे, आणि स्कॅनच्या पावतीवरच छापावं की संपूर्ण स्टडी पेनड्राईव्हवर किंवा पासवर्डवाल्या लिंकवर मिळेल आणि लिंक इतके दिवस चालेल. सिव्हिल सर्जन ऑफिसनं आणि डॉक्टरांच्या आयएमए संघटनेच्या शाखांनी मनावर घेतलं तर यात अवघड काही नाही. फिल्म छापायचा खर्च वाचतो तो वेगळाच, पण फिल्म हातात पडली नाही तर पैसे फुकट गेले असं लोकांना वाटतं हेही खरं आहे, मोठं पाकीट काखेत मारून एसटीत चढलं की बघणाऱ्यालाही कळतं आजार मोठा आहे.

दाजींची गाठ सुदैवानं गाठ नव्हती, स्वादुपिंडाची सूज निघाली, औषधानं उतरली, जेवायला लागलेत, पॅन्ट परत घट्ट झालीय. पुढचा सीटी मार्चमध्ये सांगितलाय. या वेळी 32 जीबीचा पेनड्राईव्ह मी घरूनच नेणार आहे, नवीन, पाकीट न फोडलेला, कारण वापरलेला ते मशीनला लावून देत नाहीत, आणि त्यात व्हायरस असतो हे त्यांचं म्हणणं काही चूक नाही.

आपला,
एक रिटायर्ड एक्स-रे टेक्निशियन
पंढरपूर