मेनूवर आईस्क्रीम, वाटीत भलतंच

दि. २६ जून
राजारामपुरी, कोल्हापूर

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख, मुख्य कार्यालय
प्रत : व्यवस्थापक, कोल्हापूर शाखा

विषय : ८ जून रोजी रात्री टेबल क्र. ११ वर ‘व्हॅनिला आईस्क्रीम’ म्हणून दिलेल्या पदार्थाबाबत आणि त्यानंतर मिळालेल्या वागणुकीबाबत तक्रार.

महोदय,

माझ्या सासऱ्यांच्या पंच्याहत्तरीनिमित्त आम्ही चौदा जण ८ जूनला तुमच्या कोल्हापूर शाखेत जेवायला आलो होतो. जेवणाबद्दल माझी एका शब्दाची तक्रार नाही, हे आधीच सांगते. पांढरा रस्सा झकास होता, भाकरी तव्यावरून थेट ताटात येत होती आणि सासऱ्यांनी तांबड्याच्या चार वाट्या संपवल्या (हे त्यांच्या डॉक्टरांना कळलेलं नाही, कळणारही नाही). नऊ हजारांच्या बिलातली माझी तक्रार फक्त १४० रुपयांच्या वाटीबद्दल आहे. ती वाटी तीनदा आली आणि तीनदा परत गेली.

माझा मुलगा आठ वर्षांचा आहे. त्याची जीभ, कान आणि बोटं आपल्यापेक्षा फार जास्त टिपतात. तुम्हाला मऊ भातात एखादा खडा लागला की जे होतं, ते त्याला श्रीखंडातल्या चारोळीनं होतं. गोड त्याला आवडतं. नको असतं ते मऊ घासात अचानक दाताखाली येणारं काहीतरी. म्हणून गाजर हलव्यातला बेदाणा चालत नाही, बासुंदीवरची साय चालत नाही, आमरसात एक धागा आला की वाटी बाजूला. फालुद्याचं तर नावच काढू नका. शेवया, सब्जा, जेली, आईस्क्रीम, सगळं एकाच ग्लासात! त्याच्या दृष्टीनं तो पदार्थ नाही, अपघात आहे. उलट जिलेबी चालते, कारण ती पहिल्यापासून शेवटपर्यंत कुरकुरीतच असते. खरवस चालतो, पण वरून वेलदोड्याची पूड नको.

“चार दिवस उपाशी ठेवा, आपोआप खाईल” हा सल्ला आम्ही पै-पाहुण्यांपासून रिक्षावाल्यापर्यंत सगळ्यांकडून ऐकलाय. अशी मुलं आपोआप खात नाहीत. ती उपाशी राहतात. ऑक्युपेशनल थेरपीच्या ताईंनी आम्हाला वेगळा रस्ता शिकवला. ओळखीच्या पदार्थापासून सुरुवात करायची, एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि ती अंगवळणी पडल्याशिवाय पुढं जायचं नाही. आम्ही दही-साखरेपासून निघालो. मग दही टांगून घट्ट केलं, मग चक्का पुरणयंत्रातून दोनदा काढला, मग त्यात साखर वाढवली, मग ती वाटी गार केली. एक चमचा, अर्धा चमचा, काही दिवस नुसता वास. दीड वर्षानं आम्ही साध्या व्हॅनिला आईस्क्रीमपर्यंत पोचलो, आणि गेल्या दिवाळीत तुमच्याच हॉटेलात त्यानं आयुष्यात पहिल्यांदा बाहेरची अख्खी वाटी संपवली. आम्ही नवरा-बायको एकमेकांकडे बघायचं टाळत बसलो होतो. म्हणून तर पंच्याहत्तरीला तुमचं हॉटेल निवडलं. सगळे मटण खायला आले होते, तो त्या वाटीसाठी.

शुक्रवारी मी फोन केला. फोनवर ज्यांनी ऑर्डर घेतली त्यांना मी चार गोष्टी सांगितल्या. व्हॅनिला नुसतं हवं, वर टुटीफ्रुटी, जेली, चेरी, सॉस, वेफर काही नको. वाटी स्टीलची, चमचाही स्टीलचा. आईस्क्रीम दिवाळीत होतं तेच आहे ना? आणि वाढदिवसाचं गाणं स्पीकरवर लावू नका, लावायचंच असेल तर पाच मिनिटं आधी सांगा, मी त्याला घेऊन बाहेर जाईन. “हो मॅडम, तेच आहे, सगळं लिहून घेतलंय,” असं उत्तर मिळालं. त्यांनी “जमणार नाही” म्हटलं असतं तर मी घरून डबा आणला असता. गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर आम्ही जातो, तिथं म्हैस समोर पिळून ग्लास हातात देतात आणि वरचा फेस हाच लोकांना त्यातला मेवा वाटतो. माझ्या पोराला तो फेस चालत नाही. तिथल्या गवळीमामांनी एकदा विचारलं, कळलं, आणि आता ते ग्लास बाजूला ठेवून फेस बसेपर्यंत दुसरं गिऱ्हाईक बघतात. त्यांच्याकडे ना मेनूकार्ड आहे ना ग्राहक सेवा विभाग.

पहिली वाटी आली ती टुटीफ्रुटीसकट. वेटर दादांना सांगितलं, ते लगेच घेऊन गेले. दुसरी वाटी म्हणजे तीच वाटी होती. वरचे तुकडे चमच्यानं काढून टाकलेले, पण आईस्क्रीमवर लाल-हिरवे ओघळ तसेच. आपल्याला वाटेल काढलं ना, झालं! पण त्याच्यासाठी ते तुकडे अजून तिथंच होते. रंग होता म्हणजे वास होता, वास होता म्हणजे कुठंतरी एखादा बारीक तुकडा दडलेला होता. आणि तसा तो होताच, मी स्वतः चमच्यानं शोधून काढला.

तिसरी वाटी नवी होती, स्वच्छ, नुसती पांढरी. वेटर दादांनी ती आतून, बहुतेक त्यांच्या स्वतःच्या जेवणाच्या भांड्यांतून, स्टीलच्या वाटीत आणली होती. मी मनातल्या मनात अंबाबाईला हात जोडले. पोरानं चमच्याच्या टोकावर कणभर घेतलं, जिभेवर ठेवलं आणि थांबला. “मेण आहे,” म्हणाला. आम्ही म्हटलं, अरे तेच आहे, दिवाळीतलंच. “नाही. मेण आहे. वर चिकटलं.” टाळूला बोट लावून त्यानं दाखवलं. मग चमचा नीट सरळ ठेवून दिला आणि पुन्हा हात लावला नाही.

मी तुमच्या मॅनेजरना बोलावलं आणि विचारलं, आईस्क्रीम बदललंय का? ते म्हणाले, “नाही, तेच आहे. मॅडम, मुलांचे इतके लाड बरे नव्हेत.” सासरे म्हणाले, “आवो, पोराला कळतंय की, जरा बघा तरी.” यावर मॅनेजरनी आजूबाजूच्या दोन टेबलांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, “याला ऑटिझम वगैरे आहे का?”

त्या प्रश्नाचं उत्तर मी तेव्हा दिलं नाही आणि या पत्रातही देणार नाही. ऑटिझम हा शब्द लपवायचा आहे म्हणून नव्हे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारांमध्ये त्याची नोंद आहे आणि कुणाला दाखला हवा असेल तर तो कुठं दाखवायचा हे आम्हाला ठाऊक आहे. पण वाटीत काय आहे एवढं विचारायला गिऱ्हाइकाकडे कुठलाही दाखला असावा लागत नाही.

वाटीत काय होतं ते पाच मिनिटांत कळलंच. कुणीतरी (कोण ते मी लिहिणार नाही, आणि तुम्ही शोधून त्याला त्रास दिलात तर मला ते समजल्याशिवाय राहणार नाही) तो चार लिटरचा डबा आतून आणून टेबलावर ठेवला. डब्यावर स्पष्ट छापलेलं होतं ‘फ्रोजन डेझर्ट’, आणि घटकांमध्ये खाद्य वनस्पती तेल. तुमच्या मेनूकार्डवर त्याच पदार्थासमोर लिहिलंय, ‘क्रिमी व्हॅनिला आईस्क्रीम’.

हा शब्दांचा किस काढणं नव्हे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या मानकांनुसार साध्या आईस्क्रीममध्ये किमान १० टक्के दुधाचा स्निग्धांश लागतो. मीडियम फॅट किंवा लो फॅट म्हणून विकायचं असेल तर कमी चालतो, पण तोही दुधाचाच. त्या जागी वनस्पती तेल आलं की पदार्थाचं नाव बदलतं. फ्रोजन डेझर्ट विकणं बेकायदा नाही, लाखो लोक आवडीनं खातात, आमच्या घरातल्या मोठ्यांनीही त्या रात्री खाल्लं आणि कुणाला फरक कळला नाही. कळला तो फक्त एका पोराला, ज्याला तुमचे मॅनेजर लाडावलेला म्हणत होते. उद्या एखादी चव तपासणारी प्रयोगशाळा काढलीत तर आम्हाला कळवा, मुलगा सुट्टीत मोकळा असतो.

आणखी एक. तुमच्या दारावरच्या पाटीवर १४ शाखांची गावं लिहिली आहेत. १० किंवा त्याहून जास्त ठिकाणी शाखा असलेल्या हॉटेलांनी पदार्थाच्या उष्मांकाबरोबर ॲलर्जी करू शकणाऱ्या घटकांचीही माहिती ग्राहकाला दाखवली पाहिजे, असं २०२० सालच्या लेबलिंग आणि डिस्प्लेच्या नियमांत आहे. तुमच्या मेनूकार्डवर मला मिरचीची चित्रं सोडून काहीच दिसलं नाही. माझ्या मुलाला ॲलर्जी नाही. पण ज्या स्वयंपाकघराला आपल्या रबडीत काजू आहे की बदाम हे लिहून ठेवायची सवय असते, तेच स्वयंपाकघर मला फोनवर खरं उत्तर देऊ शकतं. त्या रात्री मी ‘कॅरॅमल कस्टर्डमध्ये काही तुकडे असतात का’ विचारलं, तर तीन माणसांनी तीन उत्तरं दिली.

आणि शेवटी ते गाणं. डबा अजून टेबलावर होता, तेवढ्यात दिवे मंद झाले, स्पीकर फुल्ल, सहा जण टाळ्या वाजवत आले, केकवर ती ठिणग्या उडवणारी मेणबत्ती. पाच मिनिटं आधी सांगायचं ठरलं होतं. पोरगा टेबलाखाली गेला. सासऱ्यांनी पंच्याहत्तरीचा केक न कापता वाकून त्याला बाहेर काढलं आणि आम्ही चौदा जण पार्किंगमध्ये उभे राहिलो. केक नंतर घरी, रात्री साडेअकराला कापला.

तुम्हाला वाटेल की या मुलाला आवाजच सहन होत नाही, त्याला आणताच कशाला. आज शाहू जयंती आहे. सकाळपासून मिरवणुकांची हलगी आमच्या गल्लीतून जातेय. तो गॅलरीत कान झाकून उभा आहे, पण उभा आहे, बघतोय. कारण कालच त्याला सांगितलं होतं, आठ वाजता हलगी येणार, वळणापर्यंत मोठी वाजणार, मग लांब जाणार. आणि तसंच झालं.

त्या रात्रीपासून आज अठरा दिवस झाले. त्यानं घरच्या फ्रीजमधलं आईस्क्रीमही खाल्लेलं नाही. डबा उघडला की विचारतो, “हे नक्की तेच आहे?” आम्ही हो म्हणतो. पण ‘तेच आहे’ हे वाक्य तो आता खोटं ठरलेलं ऐकून आलाय. ताई म्हणाल्या, घाई करू नका, मागं या. म्हणून आम्ही परत चक्क्यावर आलोय. पुरणयंत्र पुन्हा ओट्यावर निघालंय.

मला काय हवंय ते सांगते. तीन वाट्यांचे ४२० रुपये बिलात लागले आहेत, ते परत करा. एकही वाटी खाल्ली गेली नाही आणि त्यातल्या दोन तर एकच होत्या. मेनूकार्डवर फ्रोजन डेझर्टला फ्रोजन डेझर्ट लिहा, चौदाही शाखांत. गोडाच्या प्रत्येक पदार्थापुढं एक ओळ टाका, की त्यात सुकामेवा, फळाचे तुकडे, जेली असं काय येतं आणि त्यातलं काय वगळता येतं. ‘वरून काही नको’ म्हटलं की आधीपासूनच न घालता द्यायचं, घालून खरवडायचं नाही, हे स्वयंपाकघरात लिहून लावा. फोनवर ऑर्डर घेणाऱ्याला माहीत नसेल तर “विचारून सांगतो” म्हणायची मुभा द्या. वाढदिवसाच्या गाण्याआधी टेबलावर विचारायला किती सेकंद लागतात ते तुम्हीच मोजा. आणि मॅनेजरनी माझ्या मुलाबद्दल जो प्रश्न चारचौघांत विचारला, त्याबद्दल त्यांनी माझी नव्हे, त्याची माफी मागावी. चिठ्ठी चालेल. तो वाचतो, आणि चिठ्ठी आवाज करत नाही.

सोबत बिलाची प्रत, मेनूकार्डच्या त्या पानाचा फोटो आणि डब्यावरच्या लेबलचा फोटो जोडला आहे. १५ दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन, आणि गरज पडली तर जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. २०१९च्या कायद्यानं ग्राहकाला आपण राहतो त्या जिल्ह्यात दाद मागता येते, त्यामुळं तुमच्या मुख्य कार्यालयाच्या गावी हेलपाटे घालायची मला गरज नाही.

ती स्टीलची वाटी ज्यांनी आणली त्या वेटर दादांना आमच्या घराकडून धन्यवाद कळवा. गडबडीत त्यांची टीप द्यायची राहिली. ती मी परवा काउंटरवर पाकिटात ठेवून आले आहे, त्यांच्यापर्यंत पोचली का तेवढं उत्तरात लिहा.

आपली,
(सही)
टेबल क्र. ११ वरील ग्राहक