आडनाव एक, धोरण वेगळे

मा. संपादक यांस,

अमेरिकेचे दोन राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू आणि लिंडन जॉन्सन हे नातलग असल्याचा उल्लेख नुकताच एका लेखात वाचला. त्यांचे केवळ आडनाव एक होते. गोंधळ होण्याजोगे साम्य मात्र खरेच आहे: दोघेही उपाध्यक्ष होते आणि अनुक्रमे 1865 मध्ये लिंकन व 1963 मध्ये केनेडी यांच्या हत्येनंतर सर्वोच्च पदावर आले. परंतु अँड्र्यू यांनी 1866 मध्ये ज्या नागरी हक्क विधेयकावर नकाराधिकार वापरला (काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, तो डावलून कायदा केलाच), त्याच विषयावरील 1964 च्या कायद्यावर लिंडन यांनी स्वाक्षरी केली, हा फरक लेखकाच्या नजरेतून निसटावा याचे नवल वाटते. 2023 मध्ये प्रतिनिधिगृहाचे सभापती झालेले माइक जॉन्सन तिसरेच. उलट जॉन अ‍ॅडम्स आणि जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स हे राष्ट्राध्यक्ष खरोखर पिता-पुत्र होते.

आमच्या खानदेशात नुसते ‘पाटील’ लिहिलेले पाकीट आले, की पोस्टमन दारात उभा राहून ‘आप्पांचं की नानांचं?’ असे विचारून मगच ते हाती देतो. लेखकाने तेवढी विचारपूस करायला हरकत नव्हती.

आपला,
एक वाचक (तोही पाटीलच), अमळनेर